उशिराची चिठ्ठी

ओकुतानीहून पहिली गाडी सहा वाजून दोन मिनिटांनी सुटायची. डिझेलची, एका डब्याची, गार्ड नसलेली. तिच्या आधी दुसरी गाडी नव्हती, त्यामुळे चिगुसाचा सगळा दिवस त्या दोन मिनिटांच्या खुंटीला टांगलेला असायचा. चार पन्नासला उठायचं, साडेपाचला घर सोडायचं, अंधारात उतार उतरायचा. मिनेमोतोला सहा अठ्ठेचाळीस. तिथे पूल चढून पलीकडच्या फलाटावर सहा त्रेपन्नची विजेची गाडी. हिमेजी सात चौतीस, बस सात चाळीस, इस्पितळ सात बावन्न. उरलेल्या आठ मिनिटांत गणवेश, केसांचा अंबाडा, साबणाने हात, आणि ठीक आठला वॉर्डातल्या मोठ्या नर्सबाईंपुढे उभं राहून दिवसाची आखणी तोंडपाठ म्हणायची. या साखळीत मोकळा वेळ कुठे असेल तर तो मिनेमोतोच्या पुलावर, पाच मिनिटांचा. दोन गाड्यांपैकी दुसरी पहिलीसाठी तीन मिनिटं थांबायची, त्याहून जास्त नाही.

नर्सिंगच्या शाळेत ती आली तेव्हा शाळेला वसतिगृह होतं. पहिल्याच महिन्यात तपासणी झाली, इमारत भूकंपात टिकणार नाही असं ठरलं, मुलींना बाहेर काढलं, आणि सहा महिन्यांत ती पाडलीसुद्धा. शहरात खोली घेणं जमण्यासारखं नव्हतं. "तीन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील," आई म्हणाली होती. चिगुसाला हिशोब करायची खोड. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात तिने गाडीत बसल्या बसल्या अंतर मांडलं: जाऊन-येऊन रोज एकशे चाळीस किलोमीटर, वर्षाला दोनशे दहा दिवस. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा पुऱ्या होत आल्या होत्या आणि पदरात अजून काही पडलं नव्हतं.

प्रवास सोसायच्या तिच्या रीती ठरलेल्या होत्या. पहिल्या बोगद्यापासून चौथ्या स्टेशनापर्यंत झोप. चौथ्या स्टेशनानंतर रुळाला एक सांधा होता, तिथे डबा नेहमी दोनदा आदळायचा आणि ती जागी व्हायची. मग पाठांतराची, कडीत ओवलेली कार्डं काढायची. एका बाजूला पोटॅशियम, दुसऱ्या बाजूला त्याचं रक्तातलं योग्य प्रमाण, तीन पॉइंट पाच ते पाच. जागा उजवीकडची, ड्रायव्हरच्या मागची, कारण तिच्याखाली हीटर चालायचा. डावीकडचा नुसता आवाज करायचा.

गाडी चालवायचे किजिमा काका. त्याच खोऱ्यातले, दोन वाड्या सोडून राहणारे. चिगुसाला शाळेच्या दप्तरापासून ओळखत होते. गाडी चालू असताना ते कोणाशी बोलायचे नाहीत, पण डोक्यावरच्या आरशातून त्यांना अख्खा डबा दिसायचा.

"काल तिसऱ्या बोगद्यातच घोरायला लागलीस," ते उतरताना म्हणायचे. "पेशंट उठून बसेल अशा आवाजाने."

"काका, मी घोरत नाही."

"मग इंजिन असेल. जुनं झालंय बिचारं."

ओकुतानीच्या स्टेशनावर, भिंतीवरच्या वेळापत्रकाशेजारी, नोव्हेंबरात एक कागद लागला होता. मार्चच्या फेरबदलानंतर सहा-दोनची गाडी बंद. पहिली गाडी सात अकरा. त्याच मार्चमध्ये किजिमा काका निवृत्त होणार होते. "मी आणि ती, दोघंही एकदमच भंगारात," ते म्हणाले होते. चिगुसा तो कागद रोज वाचायची. सात अकराच्या गाडीने आठला वॉर्डात पोचता येत नाही, हे काढायला कार्डं लागत नव्हती. म्हणजे जे व्हायचं ते याच वर्षी व्हायला हवं होतं.

व्हायचं होतं ते एवढंच. डिसेंबरातली वॉर्डातली शेवटची फेरी, पंधरा दिवसांची, धड पार पडली की फेब्रुवारीत सरकारी परीक्षेला बसता येणार होतं. फेरी नापास झाली तर ती पुन्हा पुढच्या डिसेंबरात. आणि फेरीत उशीर दोनदा चालतो. तिसऱ्यांदा झाला की नापास.

चिगुसाचे दोन झाले होते. बारा दिवस संपले होते, तीन उरले होते.

दुसरा उशीर तिचा स्वतःचा होता. बसमध्ये डोळा लागला आणि ती तीन थांबे पुढे गेली. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पहिला मात्र अजून घशात अडकलेला होता. तिसऱ्या दिवशी चढावर ओल्या पानांवरून चाकं घसरली, गाडी नऊ मिनिटं रखडली, सहा त्रेपन्नची गाडी निघून गेली. पुढची सात पंचवीसला. नऊ मिनिटांची बत्तीस झाली. काकांनी तिला रीतसर उशिराची चिठ्ठी दिली होती. लांबट कागद, काठाने दहा, वीस, तीस असे साठपर्यंत आकडे छापलेले. ज्या आकड्यावर चिमट्याने भोक पाडलेलं, तेवढा उशीर रेल्वेचा. भोक दहावर होतं, कारण त्यांची गाडी तेवढीच उशिरा होती. दुसरी गाडी तर अगदी वेळेवर धावली, तिची कसली चिठ्ठी?

त्सुजी बाई, शाळेतर्फे वॉर्डावर असणाऱ्या शिक्षिका, चिठ्ठी उजेडात धरून म्हणाल्या होत्या, "कागदावर दहा आहेत. उरलेल्या बावीस मिनिटांचं मी काय करू?"

त्या दिवशी परतताना चिगुसाने हे सगळं किजिमा काकांना सांगितलं. ओकुतानीला शेवटी ती एकटीच उतरणारी होती. सांगता सांगता ती रडली, आणि रडल्याबद्दल तिने तीनदा माफी मागितली.

"नऊची बत्तीस होतात हे त्या बाईंना समजत नाही का?" काका म्हणाले.

"समजतं. पण त्या तरी काय करणार? कागदावर नाही ना."

काका चिमटा खिशात घालत राहिले.

बाराव्या दिवशी संध्याकाळी, कपडे बदलायच्या खोलीत माकीने तिला धरलं. माकी तिच्याच वर्गातली. इस्पितळापासून चालत दहा मिनिटांवर तिची खोली होती. मोठ्या बहिणीबरोबर राहायची.

"ऐक, तीनच दिवस राहिलेत. माझ्याकडे झोप. आजपासून."

"नको गं, तुम्हाला उगाच त्रास."

"कसला त्रास? तू झोपलीस की मेल्यासारखी झोपतेस. मढ्याचा काय त्रास असतो?"

"खरंच नको. सवय आहे मला."

"चिगु, तिसऱ्यांदा विचारतेय. चौथ्यांदा नाही विचारणार हं."

"थँक्यू. पण नको."

नोव्हेंबरात दोन रात्री ती तिथे राहिली होती. दुसऱ्या सकाळी नळाखाली तोंड धुताना तिला पडद्याआडून माकीच्या बहिणीचा उसासा ऐकू आला होता. एकच. कदाचित तो दुसऱ्याच कशाबद्दल असेल. पण चिगुसाच्या आईने तिला लहानपणापासून शिकवलं होतं की लोकांवर अशा उसाशाची पाळी आणू नये, आणि तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा हो म्हणायची सोय त्या शिकवणीत नव्हती.

त्या दिवशी निघण्याआधी ती आपल्या पेशंटला भेटायला गेली होती. प्रत्येक विद्यार्थिनीला फेरीभर एकच पेशंट असायचा. तिचे मुराओका आजोबा. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, शब्द चाळणीतून गळावेत तसे एकेक यायचे. आयुष्यभर सोया सॉसच्या कारखान्यात पिंपं ढवळलेला माणूस. त्यांना आता कठडा धरून पलंगाशेजारी उभं राहता यावं, एवढं चिगुसाच्या आखणीत लिहिलेलं होतं. दहा सेकंद. पहिल्या आठवड्यात शून्य, मग दोन, मग चार. बाराव्या दिवशी सात झाले आणि ते धपकन पलंगावर बसले.

"आठ," आजोबा म्हणाले.

"सात झाले, आजोबा. खोटं नका बोलू."

"उद्या," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "उद्या आठ. तू... मोज."

"मोजेन. आणि फसवाफसवी चालणार नाही."

आजोबांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

तेराव्या दिवशी सकाळी आईने नेहमीसारखे भाताचे दोन मुटके समुद्रशेवाळात गुंडाळून दिले. आई टोफूच्या कारखान्यात जायची. गार पाण्यात हात घालून घालून तिच्या बोटांचे सांधे गाठाळले होते, मुटक्यांचा आकारही हल्ली वेडावाकडा यायचा.

"मार्चनंतर मी दोन महिने नुसती बसणारे," आई म्हणाली. "हात गरम पाण्यात घालून."

"बस. मी पगारातून मोठा टब आणते."

"आधी पास तर हो."

गाडी वेळेवर सुटली. डब्यात चिगुसा आणि डोळ्यांच्या दवाखान्याला निघालेल्या एक म्हाताऱ्या बाई. पहिल्या बोगद्यात तिचे डोळे मिटले. जाग आली ती सांध्याने नाही. ब्रेक किंचाळले, डबा पुढे झुकला, खालून काहीतरी जड, मऊ आपटल्याचा आवाज आला, आणि गाडी थांबली.

"हरीण," काका म्हणाले. ते बॅटरी घेऊन उतरले.

चिगुसाने घड्याळ पाहिलं. सहा एकवीस. काचेतून तिला बॅटरीचा उजेड रुळांवर पुढे-मागे फिरताना दिसत होता. मग तो एका जागी थांबला.

"मेलं का हो?" म्हाताऱ्या बाईंनी विचारलं.

"माहीत नाही, आजी."

"काल आमच्या शेजाऱ्यांच्या मुळ्यांवर आलं होतं. तेच असेल मेलं."

सहा चोवीस. सत्तावीसपर्यंत सुटलो तरी पूल पळत गाठता येईल, तीन मिनिटं ते थांबतात. काका वर आले, फोनवर बोलले, ठिकाण सांगितलं, पुन्हा सांगितलं. पलीकडचा माणूस काहीतरी लिहून घेत असावा. अठ्ठावीस. काका मागे न बघता म्हणाले, "पोरी, परवानगी आल्याशिवाय हलवता येत नाही."

"हो काका."

सहा तीसला गाडी हलली. नऊ मिनिटं. पुन्हा नऊच.

कार्डं तिच्या मांडीवर होती, पण तिने ती उलटली नाहीत. मिनेमोतोच्या स्टेशनात शिरताना सहा त्रेपन्नच्या गाडीचे मागचे लाल दिवे वळणाआड गेलेले होते; फलाट रिकामा होता. काका दाराशी उभे राहिले. आधी म्हाताऱ्या बाईंच्या चिठ्ठीवर चिमटा दाबला. मग दुसरी चिठ्ठी घेतली, चिमटा दाबला, आणि तिची घडी करून चिगुसाच्या तळहातावर ठेवली. त्यांच्या बाहीवर ओलं काहीतरी लागलेलं होतं.

"नीट ठेव," ते म्हणाले. "आणि त्या बाईंना उजेडात धरून बघू दे."

पूल चढल्यावर तिने घडी उघडली. भोक चाळीसवर होतं.

खाली चिठ्ठीचा नंबर, तारीख आणि लाल शिक्का: किजिमा. ती सात पंचवीसपर्यंत त्या फलाटावर उभी होती. शाळेला फोन केला, उशीर होईल म्हणून सांगितलं. मुटका काढला, परत ठेवला. आनंद झाला का, हे ती स्वतःला विचारत होती. झाला होता. छातीत काहीतरी इतकं हलकं झालं होतं की तिला भीती वाटली.

आठ बत्तीसला ती गणवेश घालून वॉर्डाबाहेरच्या बोळात पोचली. त्सुजी बाई तिथे उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं.

"चिठ्ठी आणलीस?"

चिगुसाचा हात खिशावर गेला.

"बघ," बाई आवाज खाली करून म्हणाल्या, "आज चिठ्ठीत पुरेसं असेल तर मी स्वतः ऑफिसात जाऊन बोलते. तुझा तिसरा आहे, मला ठाऊक आहे. मला कोणाला शेवटच्या तीन दिवसांत काढायची हौस नाही."

"ऑफिसात काय करतात चिठ्ठीचं?"

"चिकटवून ठेवतात. कधी कधी रेल्वेला फोन करून नंबर पडताळतात. गेल्या महिन्यात एकीने घरी छापून आणली होती, तेव्हापासून."

"नेहमी पडताळतात?"

"ते मला कसं माहीत असणार? का गं?"

कधी कधी. चिगुसाला शक्यतांचं गणित यायचं, पण कधी कधी म्हणजे किती, हे कुठल्याच कार्डावर नव्हतं. दहात एकदा असेल. दोनात एकदा असेल. पडताळलं तर चिठ्ठीच्या नंबरावरून गाडी निघणार, गाडीवरून शिक्का, आणि त्याच गाडीतल्या डोळ्यांच्या आजींच्या हातात दहाचं भोक. मार्चला तीन महिने होते. खोऱ्यात कोणी किजिमा काकांना लबाड म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. ते तर चुकून जास्त घेतलेली नाणी परत द्यायला लोकांच्या दारापर्यंत जायचे.

नाही पडताळलं, तर फेब्रुवारी. तर गरम पाण्याचा टब.

बोळाच्या टोकाला वॉर्डाचं दार उघडं होतं. आत कोणीतरी पडदा सरकवला.

"हरवली," चिगुसा म्हणाली.

"काय?"

"चिठ्ठी. घेतली होती. पळताना पडली बहुतेक."

त्सुजी बाईंनी तिच्याकडे पाहिलं. खिशावरच्या हाताकडेही पाहिलं असेल.

"दहाचीसुद्धा नाही? काहीच नाही?"

"काहीच नाही. माफ करा."

"तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

"हो बाई."

बाईंनी हातातली फाईल मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "मग आज वॉर्डात जाता येणार नाही. उद्याही नाही. संध्याकाळी मी तुझ्या आईंना फोन करेन."

"आईला मी सांगते."

"तू सांग. पण मला करावाच लागेल."

"मुराओका आजोबांना आज आठ सेकंद—"

"मी बघते."

"कठडा डाव्या हाताला लागतो त्यांना. आणि मोजताना मोठ्याने मोजावं लागतं. मनात मोजलं तर ते लवकर बसतात."

"चिगुसा," बाई म्हणाल्या. "मी बघते म्हटलं ना."

कपडे बदलायच्या खोलीत माकी धावत आली. तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप लोंबत होता. तिला दोन मिनिटंच मिळाली होती.

"खरं आहे? चिठ्ठी हरवली?"

"हो."

"तू? तू तर चॉकलेटचा कागदसुद्धा घडी घालून ठेवतेस!" माकीने तिचा दंड धरला. "गाढव आहेस. तीनदा म्हटलं होतं मी. तीनदा!"

"तू म्हणाली होतीस चौथ्यांदा विचारणार नाहीस."

"मग तू विचारायचं होतंस ना!"

हे चिगुसाच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिने अंबाडा सोडला, पिना मोजून डबीत ठेवल्या. माकी गेल्यावर तिने चिठ्ठी काढून तिचे बारीक तुकडे केले आणि संडासात सोडून दिले. शिक्क्याचा तुकडा पाण्यावर तरंगत राहिला. दुसऱ्यांदा पाणी सोडल्यावर तोही गेला.

मिनेमोतोहून वर जाणारी एक वीसची गाडी किजिमा काकांचीच होती. ती शेवटी चढली, पण आरसा चुकवता येत नाही. ओकुतानीला बाकी सगळे उतरल्यावर ते वळले.

"आज इतक्या लवकर?"

"आज लवकर सोडलं."

काकांनी हातमोजे काढले. "मग? चालला का कागद?"

त्यांनी बाही धुतली होती, डाग फिकट झाला होता. ते तिच्याकडे असे बघत होते की जणू तिनेच त्यांना कुठल्या परीक्षेला बसवलं होतं.

"चालला, काका."

"बाई काही बोलल्या नाहीत?"

"उजेडात धरून बघितलं. मग म्हणाल्या, ठीक आहे."

किजिमा काकांनी एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. "छत्तीस वर्षांत पहिल्यांदा खोटं भोक पाडलं. दिवसभर हात जड झाला होता. जेवण नाही गेलं." ते हसले. खणातून एक संत्रं काढून तिला दिलं. "जाऊ दे. उरले किती?"

"दोन दिवस."

"मग उद्या सहा-दोन. हरणांना मी आज ताकीद देऊन ठेवतो."

"हो काका. सहा-दोन."

आईला तिने त्याच दुपारी सांगितलं. चिठ्ठी हरवली, एवढंच. आईने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग उठली आणि उद्याचे तांदूळ धुवायला घेतले. पाण्याचा नळ तिने गरमवर फिरवला नाही. "किती मुटके करू?" तिने विचारलं.

"दोनच," चिगुसा म्हणाली. "मला उद्याही गाडीने जायचंय."

"कुठे?"

चिगुसाने तांदळाचं भांडं तिच्या हातातून घेतलं. आईने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती चार पन्नासला उठली. अंधारात उतार उतरली. भिंतीवरचा कागद आज वाचला नाही. उजवीकडच्या जागेवर, हीटरवर, जाऊन बसली आणि कार्डं काढून डोळ्यांसमोर धरली, कारण आरशात ती दिसायला हवी होती. काकांनी आरशातून मान हलवली. गाडी सुटली. पहिला बोगदा आला, पण झोप आली नाही. कालच्या ठिकाणी, गाडीच्या दिव्याच्या उजेडात, रुळांच्या कडेला दहिवराने पांढरं झालेलं गवत होतं, मध्ये एक लांबट काळा पट्टा.

आठला ती हिमेजीच्या स्टेशनावर बाकावर बसलेली असेल. काकांच्या एक वीसच्या गाडीने आज परतता येणार नव्हतं, संध्याकाळचीच धरायला हवी होती. तोवर कुठेतरी वेळ काढायचा होता. तिथे, वॉर्डात, त्सुजी बाई कठड्याशी उभ्या असतील. मोठ्याने मोजत असतील की मनात, हे कळायला मार्ग नव्हता.

तिने कार्ड उलटलं. पोटॅशियम. मग पुन्हा उलटलं.